पोलादी कामाच्या खालच्या पायऱ्या



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर कामगारांच्या सभा घेतल्या. सभेत ते घोषणेच्या आधी हिशेब मांडायचे. काम किती, माणसं किती आणि शेवटी हातात काय पडतं. आजचा विषय मी त्याच रीतीने मांडणार आहे. पुलांचे, कारखान्यांचे, विमानतळांचे लोखंडी सांगाडे जी माणसं जोडतात आणि उभे करतात, त्यांच्या कामाचं यंत्रयुगात काय होणार, हा तो विषय. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे, तेव्हा बोलणं यार्डातलंच असेल.

एका गर्डरपासून सुरुवात करू. २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे मुंबईचा किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणारा पहिला धनुष्याकृती गर्डर समुद्रात जागेवर बसला. लांबी १३६ मीटर, वजन सुमारे २,००० टन. वर्तमानपत्रांत फोटो आले ते वरळीचे. पण गर्डर वरळीचा नव्हता. त्याचे सुटे भाग हरियाणात अंबाल्याला तयार झाले, सुमारे ५०० ट्रेलरमधून आपल्या न्हाव्याला आले, माझगाव डॉकच्या न्हावा यार्डात जोडले गेले आणि बार्जवर चढून समुद्रमार्गे वरळीला गेले. पुढच्याच महिन्यात १४३ मीटर लांबीचा आणि सुमारे अडीच हजार टनांचा दुसरा गर्डर त्याच वाटेने गेला.

अटल सेतूचीही गोष्ट अशीच. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीहून निघून आपल्या उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. जहाजांच्या वाटेवर जिथे खांब दूर दूर हवे होते, तिथे काँक्रीटऐवजी पोलादी डेक वापरला. त्यातला सर्वांत मोठा गाळा १८० मीटरचा आहे. त्या डेकचे तुकडे जपान, म्यानमार, व्हिएतनाम अशा देशांतल्या कारखान्यांत बनले, जहाजाने आले आणि कारंजाच्या यार्डात एकमेकांना जोडले गेले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. धरमतरच्या खाडीकाठी डोलवीला पोलाद ओततात. वर्षाला एक कोटी टनांची क्षमता असलेला हा कारखाना देशातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक आहे. खनिज आणि कोळसा बार्जमधून थेट खाडीत येतो. कळंबोलीला लोखंडाचा बाजार आहे. न्हावा आणि कारंजा इथे गर्डर जोडले जातात. धातू आपल्याकडे, व्यापार आपल्याकडे, जोडणी आपल्याकडे. पण कापणं, भोकं पाडणं, लांबलचक वेल्डिंग मारणं हे मधलं मोठं काम अंबाल्याला आणि परदेशात. माझ्या विषयाचं मूळ या मधल्या गाळलेल्या जागेत आहे.

यंत्र म्हटलं की आपल्याला पन्नासाव्या मजल्यावर बीमवर चालणारा यंत्रमानव दिसतो. तसं काही आलेलं नाही आणि लवकर येईलसं दिसत नाही. आलं ते वेगळ्या वाटेने. पूर्वी प्लेटवर खडूने आणि पंचने मार्किंग व्हायचं, गॅसकटर कापायचा, रेडियल ड्रिलवर एकेक भोक पाडलं जायचं. आज संगणकावर संपूर्ण पुलाचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं, त्यातून प्रत्येक तुकड्याची फाइल निघते आणि सीएनसी यंत्र ती फाइल वाचून बीम मापात कापतं, भोकं पाडतं, तुकड्याचा नंबरही कोरतं. पोलादी डेकच्या खाली यू आकाराच्या लांब फासळ्या असतात. त्या डेकप्लेटला जोडणारं वेल्डिंग मीटरच्या मीटर सरळ रेषेत जातं. ते यंत्राने मारायचं काम आहे. माणसाचा हात दिवसभर तेवढा एकसारखा चालत नाही, आणि या जोडांवर रोज हजारो गाड्यांची चाकं फिरणार असतात. थकलेल्या हाताने मारलेला जोड काही वर्षांनी चिरू शकतो.

म्हणजे यंत्राने माणसाला बीमवरून खाली उतरवलं नाही, बीमवरचं कामच उचलून छपराखाली नेलं. छपराखाली नेलेलं काम मग रस्त्याने हरियाणात जाऊ शकतं, जहाजाने म्यानमारलाही जाऊ शकतं. जिथे यंत्र स्वस्त पडेल तिथे काम गेलं.

उंचावरचं कामही यंत्राकडे देऊन पाहिलं गेलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये नागोया शहरात एका बँकेची २० मजली इमारत शिमिझू कंपनीने जवळजवळ कारखान्यासारखी उभारली. इमारतीच्या डोक्यावर छप्परवजा सरकता मंच, त्याला टांगलेल्या क्रेन, खांब आपोआप जागेवर आणून लावणारी यंत्रणा, वेल्डिंगला यंत्रमानव. मजला पूर्ण झाला की मंच स्वतःच एक मजला वर चढायचा. इमारत उभी राहिली, यंत्रणा चालली. पण ती पद्धत जगभर पसरली नाही, जपानमध्येही नाही. एवढी यंत्रणा उभी करायची तर खर्च मोठा, आणि दुसऱ्या जागी गेलं की इमारत वेगळी, मांडणी नव्याने. शिमिझूने पुढे वेल्डिंगचा यंत्रमानव सुधारला, तो जाड खांबांचे जोड मारतो. बाकीचा पसारा मात्र इतिहासात जमा झाला. यंत्राला तेच काम पुन्हा पुन्हा लागतं आणि उभारणीच्या जागेवर कालचं काम आज तसंच नसतं.

आपल्या किनाऱ्यावर तर नसतंच. साधा हिशेब करू. पोलाद तापलं की लांबतं. एक मीटर लांबी एका अंशाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडी जास्त वाढते. आकडा नगण्य वाटतो. पण १३६ मीटरचा गर्डर घ्या आणि पहाटेच्या आणि दुपारच्या तापलेल्या पोलादात २० अंशांचा फरक धरा. गर्डर जवळजवळ ३३ मिलिमीटर लांब होतो. २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक असतं २२ मिलिमीटरचं. म्हणजे सैलपणा दोन मिलिमीटरचा आणि सूर्याची करामत तेहतीसची. म्हणून मोठी जोडणी पहाटे करतात, जेव्हा सगळं पोलाद एका तापमानाला आलेलं असतं. त्यात बार्ज असेल तर भरतीची वेळ पकडायची, उधाण टाळायचं, जून ते सप्टेंबर समुद्र बंद धरायचा. दमट हवेत वेल्डिंगच्या सळ्या पाणी धरतात. कमी हायड्रोजनची सळी भट्टीत भाजून, वेल्डरच्या बाजूला छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवली नाही, तर जोडात हायड्रोजन शिरतो आणि जोड मारल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. वरून काही दिसत नाही. रेवदंड्यापासून उरणपर्यंत कुठल्याही यार्डात जुन्या वेल्डरला विचारा, तो आधी ओव्हन चालू आहे का बघेल आणि मग बोलेल.

आता एक जोड जवळून बघू. क्रेनच्या हुकाला बीम लटकला आहे. खाली रिगर टॅग लाइन, म्हणजे बीमला बांधलेला दोर, धरून त्याला वाऱ्यात फिरू देत नाही. बऱ्याच ठिकाणी अजून जुनीच बोली चालते. 'हाबेस' म्हटलं की उचल, 'आरिया' म्हटलं की सोड. जहाजावरच्या खलाशांकडून ती आली, उच्चार जागोजागी बदलतो. वर दोन माणसं आहेत, सेफ्टी बेल्टचा हुक लाइफलाइनला. बीमचं टोक खांबावरच्या क्लीटजवळ येतं आणि थांबतं, भोकं समोरासमोर येत नाहीत. एक जण पोडगर काढतो. एका टोकाला पाना आणि दुसऱ्या टोकाला निमुळती दांडी असलेलं हे अवजार. दांडी भोकात घालून तो हलकेच रेटतो. दुसरा बीमवर तळहात ठेवून असतो. कसला अंदाज घेतोस विचारलं तर त्याला सांगता येणार नाही, पण बीम कुठे अडतो आहे हे त्याला तळहाताने कळतं. 'थोडा आरिया' असा आवाज जातो. दांडी पार होते, पहिला बोल्ट जातो, मग बाकीचे. शेवटी ठरलेल्या ताकदीला आवळणं. एवढ्या क्षणभराच्या कामात नजर, कान, तळहात, खालच्या माणसावरचा विश्वास आणि वाऱ्याचा अंदाज सगळं लागतं. याला यंत्र बनवता येईल. पण ते प्रत्येक जोडाला नव्याने शिकवावं लागेल, आणि तोवर माणसं पुढच्या बीमवर गेलेली असतील.

म्हणून माझं पहिलं अनुमान असं की जागेवरचा हा शेवटचा जोड माणसाकडेच राहील. माणसं कमी लागतील, पण जी लागतील ती फार कसबी लागतील. हे ऐकून बरं वाटतं. घोळ याच्या पुढे आहे.

तो कसबी माणूस तयार कसा झाला? तो हेल्पर म्हणून आला. वर्षभर त्याने प्लेटा उचलल्या, ग्राइंडिंग केलं, मार्किंगचा दोरा धरला. मग टॅक, म्हणजे तात्पुरता छोटा जोड, मारायला मिळाला. मग प्लेट आडवी ठेवून सरळ वेल्डिंग, सगळ्यात सोपं. हात बसल्यावर उभा जोड, मग डोक्यावरचा. पाचसात वर्षांनी तो उंचावर, वाऱ्यात, उलटं बघत जोड मारू लागला. शिडी अशी होती. आणि सीएनसी यंत्राने, सरळ वेल्डिंगच्या यंत्राने नेमकं काय घेतलं? मार्किंग, ड्रिलिंग, कापणं, ग्राइंडिंग आणि आडवं सरळ वेल्डिंग. यंत्राने शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून नेल्या आणि वरच्या जागेवर ठेवल्या. आजचा कसबी वेल्डर चाळिशीच्या पुढचा आहे, त्याला काम आहे आणि उद्याही असेल. त्याच्यानंतर कोण, हे कुणाच्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

हा धंदा पूर्वीही बदलला आहे. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल रिवेटांनी जोडलेला आहे. २६,५०० टन पोलाद आणि त्यात नटबोल्ट नाही. रिवेटची टोळी चौघांची असायची. एक भट्टीत रिवेट लाल करणार, दुसरा फेकलेला रिवेट डब्यात झेलून भोकात घालणार, तिसरा मागून दाबून धरणार, चौथा हवेच्या हातोडीने डोकं बसवणार. महायुद्धानंतर जास्त ताकदीचे बोल्ट आले आणि पुढच्या दोनतीन दशकांत जगभर ही टोळी संपली. भट्टी गेली, झेलणारा गेला. पण त्या वेळी रिवेटवाला बोल्टवाला झाला. त्याच बीमवर, त्याच मुकादमाखाली, त्याच उंचीवर. कसब जुनं आणि अवजार नवं. आज जे घडतं आहे त्यात काम अवजार बदलून तिथेच राहत नाही, ते गाव सोडून जातं. उरणच्या हेल्परला अंबाल्याच्या सीएनसी यंत्रावर कोण बसवणार?

आता आपल्या गावाकडे येऊ. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. त्या लढ्याचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण जमीन देऊन उभ्या राहिलेल्या या प्रकल्पांवर आपली मुलं कुठे आहेत ते प्रामाणिकपणे बघा. हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, भाड्याने देणं, ट्रेलर चालवणं, माणसं पुरवण्याचं कंत्राट, कँटीन, गाड्या. त्यात पैसा आहे, अनेकांनी घरं बांधली. उंचावरचा रिगर मात्र बहुधा झारखंडचा, बिहारचा, बंगालचा, ओडिशाचा असतो. दोष त्याचा नाही. तो पोटासाठी आला आणि त्याने कसब शिकलं, आपण शिकलो नाही. भाड्याची हायड्रा चालते तोवर प्रकल्प चालतो. पूल झाला की हायड्रा पुढच्या तालुक्यात जाते आणि आपला मुलगा तिच्याबरोबर जात नाही.

कसबाच्या कागदाचं दुखणंही सांगतो. वेल्डर परीक्षा देतो, त्याने मारलेला तुकडा वाकवून, क्ष-किरणाने तपासतात, पास झाला तर दाखला मिळतो. पण अनेक संहितांप्रमाणे ही परीक्षा कंपनी आपल्या कामासाठी घेते आणि कागद कंपनीच्या फाइलमध्ये राहतो. सहा महिने त्या प्रकारचं वेल्डिंग केलं नाही की दाखला संपतो. कंपनी बदलली की बहुतेक वेळा पहिल्यापासून परीक्षा. कंत्राटावर आठआठ महिने काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असे दहा दाखले होतात आणि त्याच्या हातात एकही नसतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, प्रकल्पाच्या खर्चावर उपकर लागला, कल्याणकारी मंडळ झालं. आता श्रमसंहिता आल्या आहेत. त्यात विमा आहे, मदत आहे, नोंदणी आहे. माणसाने काय काय जोडलं आहे याची वही मात्र त्याच्याजवळ राहत नाही.

इथे कुणीतरी मला अडवायला हवं. धोक्याचं काम माणसाकडून जात असेल तर जाऊ द्या की, त्यात रडायचं काय? प्रश्न रास्त आहे. १९०७ साली कॅनडात क्यूबेकचा अर्धवट पूल कोसळला, ७५ कामगार गेले आणि त्यातले ३३ एकट्या कानावाके या मोहॉक वस्तीतले होते. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवणारं यंत्र आणि गर्डर कोसळून २० जण गेले. हे काम माणसं मारतं. छपराखाली, जमिनीवर जेवढं होईल तेवढं व्हावं, या मताचा मी आहे. पण शहापूरचा दुसरा अर्थही बघा. तिथे पडलं ते यंत्रच होतं. मोठं यंत्र आलं म्हणजे धोका जातो असं नाही, तो कमी ठिकाणी आणि जास्त वजनाने साठतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाचं कसब आणि 'थांबा' म्हणण्याचा त्याचा अधिकार आणखी महत्त्वाचा होतो. आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या न चढता तिथे पोचलेला माणूस 'थांबा' केव्हा म्हणायचं हे ओळखणार कसा?

तर मग पुढे काय? मला या किनाऱ्यावर एक काम असं दिसतं जे अंबाल्याला जाणार नाही आणि म्यानमारलाही जाणार नाही. ते म्हणजे राखणीचं काम. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बसमधली आणि इतर वाहनांतली माणसं वाहून गेली. नवा पूल १६५ दिवसांत झाला, त्याचं कौतुकही झालं आणि ते योग्यच होतं. वाहून गेलेला पूल दगडी कमानीचा होता, पोलादाचा नव्हता, पण धडा एकच आहे. पूल बांधणं आपल्याला येतं, त्याच्यावर डोळा ठेवणं आपल्या अंगवळणी नाही.

अटल सेतू १०० वर्षं टिकावा अशा हिशेबाने बांधला आहे. बांधायला सहा वर्षं, सांभाळायला शंभर. खारी हवा, भरतीचे शिंतोडे, आणि पोलाद. रंग उडाला की गंज, बोल्टचा ताण उतरला की जोड सैल, बेअरिंग अडकलं की गर्डर तापल्यावर जाणार कुठे? ड्रोन फोटो काढेल, सेन्सर कंप मोजतील, संगणक सांगेल की अमुक गाळ्यात काहीतरी बिघडलं आहे. ते यंत्रांचं काम आणि त्यांनी ते जरूर करावं. पण डेकच्या पोटात शिरून, हातोडी वाजवून, गंज खरवडून, चिरलेल्या जोडाच्या टोकाला भोक पाडून चीर थांबवणं आणि पुन्हा वेल्डिंग मारणं हे माणसाचं काम राहील. प्रत्येक जागा वेगळी, प्रत्येक चीर वेगळी, म्हणजे यंत्राला न मानवणारं काम. आणि ते इथेच, याच खाडीवर, पिढ्यान्‌पिढ्या.

यात अटल सेतू एकटा नाही. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ज्याची चर्चा होती, त्या रेवस-कारंजा पुलाचं कंत्राट आता दिलं गेलं आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचं विशाल छप्पर पोलादावर उभं आहे. डोलवी, थळ, नागोठणे, साळाव इथल्या कारखान्यांचे सांगाडे, जेट्टी, क्रेन सगळे समुद्राची हवा खाणारे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्या मंत्रालयापेक्षा आपल्या ग्रामपंचायतींना, कामगार संघटनांना आणि आपल्या जिल्ह्यातून निवडून गेलेल्यांना उद्देशून आहेत.

एक. इथे जी मोठी निविदा निघेल तिच्यात शिकाऊ जागांची अट घाला, आणि 'शिकाऊ' म्हणजे चहा आणणारा नव्हे. किती जोड त्याने स्वतः मारले हे मोजलं जाईल अशी अट. यंत्राने खालच्या पायऱ्या काढून नेल्या असतील तर त्या आता मुद्दाम बांधाव्या लागतील. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, फिटरचा दोन. तिथे मुलांचा हात बसतो तो बहुतांशी आडव्या वेल्डिंगवर, म्हणजे नेमकं जे यंत्र करणार त्यावरच. त्यांना डोक्यावरचा जोड, दमट हवेतला जोड आणि चीर तपासण्याची यंत्रं वापरणं हात बसेपर्यंत शिकवायला हवं. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. त्याचा आणि आयटीआयचा संबंध पदवीदानापुरता राहू नये.

दोन. कामगाराच्या नावावर, त्याच्या खिशात राहील अशी कौशल्याची वही. कुठल्या प्रकल्पात, कोणत्या स्थितीतला, किती जाडीचा जोड मारला, तपासणीत काय आलं. कंत्राटदार बदलला तरी वही त्याचीच. उपकराच्या पैशातून हे सहज होईल.

तीन. प्रत्येक पुलाच्या कंत्राटात राखणीची टोळी पूल बांधतानाच तयार करण्याची तरतूद. ज्या मुलाने गर्डर जोडताना बघितला, त्यालाच तीस वर्षांनी त्यातली चीर कुठे निघेल ते कळेल. आणि ही टोळी कायम नोकरीवरची हवी. आठ महिन्यांच्या कंत्राटावर पुलाची शंभर वर्षं राखली जात नाहीत.

यातली एकही मागणी यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र येऊ द्या, अंबाल्याच्या कारखान्यात चांगलं काम होत असेल तर तिथे होऊ द्या. आपण मागतो आहोत तो फक्त शिकण्याचा हक्क. १९८४ ला आपण जमिनीचा हिस्सा मागितला, आता कसबाचा हिस्सा मागायची वेळ आहे, आणि तो साडेबारा टक्क्यांवर मिटवू नये.